नव्या संगणकांना डोमेनमध्ये पत्ता द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या मागेपुढे कोकणातल्या अनेक कार्यालयांत, महाविद्यालयांत, पतसंस्थांत नवे संगणक आले. अजून येत आहेत. खोकी उघडतात, नारळ फुटतो, जोडणीवाला तंत्रज्ञ एकेक यंत्र डोमेनला जोडतो आणि पडद्यावर ‘वेलकम’ची खिडकी आली की बिल पुढे करतो. ते संगणक डिरेक्टरीत नेमके कुठे जाऊन पडले, हे विचारायचे राहूनच जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हेच काम करणारे आम्ही काहीजण त्या राहिलेल्या प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहोत.

ज्यांचा याच्याशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणी लॉगिन करायचे, कुठल्या यंत्रावर, कुठले फोल्डर उघडायचे, याची एकच नोंदवही मोठ्या कार्यालयात सर्व्हरवर ठेवतात. ती म्हणजे डिरेक्टरी. तिच्या कारभाराखालचे सगळे संगणक आणि युजर मिळून डोमेन, आणि ती जिथे ठेवलेली असते तो सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीच असते. वहीत युजर, संगणक, ग्रुप अशा नोंदी असतात आणि त्या ‘ऑर्गनायझेशनल युनिट’ म्हणजे ओयू नावाच्या कप्प्यांत लावायच्या असतात. प्रत्येक नोंदीला पत्ता असतो आणि तो आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखाच लहानाकडून मोठ्याकडे जातो: आधी नोंदीचे नाव, मग तिचा ओयू, मग त्याच्या वरचा ओयू, शेवटी डोमेन. नाव, वाडी, गाव, तालुका, जिल्हा. वाडी चुकली तरी पोस्टमन ओळखीने पत्र पोचवतो. डिरेक्टरीकडे ओळख नसते.

घोडे पहिल्याच पायरीवर अडते. नवे डोमेन उभे केले की त्यात ‘युजर्स’ आणि ‘कॉम्प्युटर्स’ असे दोन कप्पे आयते मिळतात. जोडलेला प्रत्येक संगणक, वेगळे काही सांगितले नसेल तर, दुसऱ्यात पडतो. नाव वाचून वाटते, जागा हीच. पण हे दोन्ही ओयू नव्हेत, साधे कंटेनर आहेत. व्यवस्थापनाच्या खिडकीत नीट पाहिले तर ओयूच्या पिवळ्या फोल्डरवर लहानसे पुस्तक दिसते. या दोघांवर ते नसते. फरक चित्रापुरता असता तर हे पत्र लिहावे लागले नसते. कंटेनरला ग्रुप पॉलिसी, म्हणजे संगणकांना किंवा युजरना एकदम लागणारा नियमांचा संच, जोडताच येत नाही, आणि पॉलिसी जोडण्याच्या खिडकीत तर हे दोघे दिसतही नाहीत. काउंटरवरच्या संगणकांचे यूएसबी बंद करायचे ठरवले तर पॉलिसी वरून डोमेनलाच जोडावी लागते, म्हणजे ती सगळ्यांच्याच डोक्यावर बसते. ‘आमच्याकडे पॉलिसी चालतच नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

उपाय दोन ओळींचा आहे. आधी संगणकांसाठी आणि युजरसाठी खरे ओयू तयार करायचे. मग डोमेन कंट्रोलरवर ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रेडिरसीएमपी’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत संगणकांच्या ओयूचा पूर्ण पत्ता द्यायचा. युजरसाठी तसेच ‘रेडिरयूएसआर’. डोमेनची फंक्शनल लेव्हल, म्हणजे डोमेन ज्या आवृत्तीच्या सोयी वापरते ती पातळी, विंडोज सर्व्हर २००३ किंवा त्यावरची असली की झाले. यापुढे जोडलेले यंत्र आपोआप योग्य जागी जाते. आधीची यंत्रे मात्र जागची हलत नाहीत. ती निवडून, राइट क्लिक करून ‘मूव्ह’ने न्यावी लागतात आणि नंतर एकदा रीस्टार्ट करावी लागतात. ॲडमिनिस्ट्रेटर आणि व्यवस्थेचे जन्मजात ग्रुप ‘युजर्स’मध्येच राहू द्यावेत. डोमेन कंट्रोलरची नोंद तर तिच्या स्वतःच्या ओयूतून मुळीच काढू नये. तिथे तिच्यासाठीची वेगळी पॉलिसी जोडलेली असते.

आणि माउसने ओढाओढ नको. मधेच बोट सुटले तर ‘लेखा’चा ओयू ‘निष्क्रिय’च्या पोटात जातो, खिडकी एकदा विचारते खरी, पण त्या वेळी हात ‘येस’वर सवयीनेच पडतो. ओयूच्या गुणधर्मांत ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या पानावर ‘चुकून पुसले जाण्यापासून संरक्षण’ अशा अर्थाची एक टिक असते. वरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’ चालू केल्याशिवाय ते पानच दिसत नाही. ही टिक पुसणे अडवते तसेच हलवणेही अडवते. अलीकडच्या सर्व्हरवर खिडकीतून केलेल्या ओयूला ती आपोआप असते, विंडोज २०००-२००३ च्या काळापासून चालत आलेल्या ओयूंना नसते. जुन्या डोमेनमध्ये एकदा बसून ती सगळीकडे लावून टाकावी, अर्ध्या तासाचे काम आहे.

आता ओयूंचे झाड कसे लावायचे ते. सर्रास दिसणारी चूक म्हणजे भिंतीवरचा कार्यालयाचा तक्ता जसाच्या तसा उतरवणे: वर अध्यक्ष, खाली मुख्य कार्यकारी अधिकारी, त्याखाली लेखा, वसुली, आस्थापना, आवक-जावक, आणि प्रत्येकाचा ओयू. दिसायला सुरेख. पण डिरेक्टरीला हुद्द्यांशी देणेघेणे नसते. ओयू करण्याची कारणे दोनच: त्यातल्या नोंदींना वेगळी पॉलिसी लागणार आहे, किंवा त्यांची देखभाल वेगळा माणूस करणार आहे. दोन्हींपैकी काहीच नसेल तर तो ओयू नको. माणूस लेखा विभागात आहे हे त्याच्या नोंदीतल्या ‘डिपार्टमेंट’ रकान्यात लिहावे. त्यावरून हवी तेव्हा यादी निघते.

समजा, रत्नागिरीत मुख्य कार्यालय आणि चिपळूण, खेड, दापोली, राजापूरला शाखा असलेली एक पतसंस्था आहे, संगणक ९०. डोमेनच्या मुळाशी संस्थेच्या लघुनावाचा एकच ओयू करावा, म्हणजे आपले सगळे एका छपराखाली राहते आणि जन्मजात कप्प्यांत मिसळत नाही. त्याच्या आत कर्मचारी, संगणक, सर्व्हर, ग्रुप, ॲडमिन खाती आणि निष्क्रिय. संगणकांच्या आत पुन्हा काउंटर, कार्यालयीन, लॅपटॉप असे तीन, कारण या तिघांची पॉलिसी खरोखरच वेगळी: काउंटरचे यूएसबी बंद आणि पडदा ५ मिनिटांत लॉक, कार्यालयीनला १५ मिनिटे चालतील, लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, हवेच. शाखेगणिक ओयू इथे कशाला? देखभाल सगळी रत्नागिरीतून होते. शाखेचा प्रिंटर ग्रुपवरून देता येतो.

याउलट देवरुख, लांजा, गुहागर अशा ठिकाणी महाविद्यालये चालवणारी शिक्षणसंस्था घ्या. तिथे प्रत्येक लॅबला आपापला सहायक असतो आणि मुलांचे पासवर्ड त्यालाच बदलून द्यावे लागतात. इथे आधी गाव, मग त्याच्या आत संगणक, शिक्षक, विद्यार्थी हीच मांडणी बरोबर. एकच नमुना दोघांना चिकटवणाऱ्याने दोन्हींपैकी एका ठिकाणी विचार केलेला नसतो. खोली तीन-चार पातळ्यांची पुरते. ओयूचे नाव देवनागरीत देता येते, पण कमांड लिहिताना हाल होतात. नाव रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवावे आणि ‘डिस्क्रिप्शन’मध्ये खुशाल मराठीत लिहावे.

युजर आणि संगणक वेगळ्या ओयूत का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक पॉलिसीचे दोन अर्धे असतात. एक संगणकाचा, तो संगणकाच्या पत्त्यावरून लागतो. दुसरा युजरचा, तो युजरच्या पत्त्यावरून. फायरवॉल हा पहिल्या अर्ध्यातला विषय. त्याची पॉलिसी कर्मचाऱ्यांच्या ओयूला जोडली तर काहीच होत नाही, चुकीचा संदेशसुद्धा येत नाही. तंत्रज्ञ दिवसभर ‘जीपीअपडेट फोर्स’ ही पॉलिसी ताबडतोब मागवण्याची कमांड मारत बसतो. लॅबमध्ये उलटी गरज असते: तोच विद्यार्थी लॅबच्या यंत्रावर बसला तर कंट्रोल पॅनेल बंद हवे, पण ग्रंथालयात नको. त्यासाठी लॅबच्या संगणकांच्या ओयूवरील पॉलिसीत ‘लूपबॅक’ चालू करतात. त्यातला ‘रिप्लेस’ युजरच्या स्वतःच्या पॉलिसी बाजूला ठेवतो, ‘मर्ज’ दोन्ही लावतो आणि भांडण झाले तर संगणकाकडची जिंकते.

लागण्याचा क्रम ठरलेला आहे: संगणकावरची स्थानिक, मग साइट (नेटवर्कवरचे एकेक ठिकाण), मग डोमेन, मग वरून खाली ओयू, शेवटी लागणारी वरचढ. ‘ब्लॉक इनहेरिटन्स’ (वरून येणारी पॉलिसी अडवणे) आणि ‘एन्फोर्स्ड’ (वरची सक्तीने लावणे) या दोन कळा क्रम मोडण्यासाठी आहेत. एकाच झाडात दोन्ही वापरल्या की सहा महिन्यांनी लावणाऱ्यालाही उलगडा होत नाही. नवी पॉलिसी लगेच दिसली नाही म्हणून घाबरू नये. संगणक दर ९० मिनिटांनी, वर ० ते ३० मिनिटांचा फरक धरून, विचारायला येतो. काय लागले आणि काय गळले हे ‘जीपीरिझल्ट’च्या अहवालात कारणासह मिळते. एक खाच मात्र त्यावर पुष्कळांचे दिवस खाते. युजरची पॉलिसी ठरावीक ग्रुपलाच द्यायची म्हणून तिच्या यादीतून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (लॉगिन केलेले सगळे युजर आणि संगणक) काढून टाकले, तर जून २०१६ च्या सुरक्षा सुधारणेपासून ती पॉलिसी कोणालाच लागत नाही. पॉलिसी आता संगणकाच्या ओळखीने वाचली जाते, म्हणून ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला निदान वाचण्याचा हक्क ठेवावा लागतो.

पासवर्डची लांबी ओयूगणिक वेगळी ठेवता येते हा समजही असाच. ओयूवर जोडलेले पासवर्डचे नियम त्या ओयूतल्या संगणकांच्या स्थानिक खात्यांना लागतात. डोमेनच्या खात्यांना डोमेनच्या मुळाशी जोडलेलेच नियम लागतात. वसुलीवाल्यांना ८ आणि ॲडमिनला १५ अक्षरे हवी असतील तर विंडोज सर्व्हर २००८ पासून ‘फाइन ग्रेन्ड’ नियम आहेत, आणि तेही ग्रुपला किंवा युजरला द्यायचे असतात.

तसेच फोल्डरचे. ओयूला फोल्डरवर हक्क देता येत नाही, कारण ओयू हा कप्पा आहे, ओळख नव्हे. हक्क ग्रुपला द्यायचा. माणसे ‘लेखा कर्मचारी’ अशा ग्लोबल ग्रुपमध्ये, तो ग्रुप ‘ताळेबंद फोल्डर लिहिणे’ अशा डोमेन लोकल ग्रुपमध्ये, आणि फोल्डरवर फक्त त्या दुसऱ्या ग्रुपचे नाव. पाल्हाळ वाटते, पण दोन वर्षांनी ‘हे फोल्डर कोण उघडू शकतो’ असे लेखापरीक्षकाने विचारले की एका क्लिकमध्ये उत्तर देता येते. ग्रुपमध्ये घातल्यावर माणसाने लॉगआउट करून पुन्हा आत यायला हवे. ओळखपत्र लॉगिनच्या वेळीच बनते.

अधिकार वाटण्याकडे जास्त लक्ष हवे, कारण इथेच आपल्याकडे कमालीची ढिलाई आहे. तालुक्याच्या शाखेतल्या मुलाला पासवर्ड बदलून देता यावा एवढ्यासाठी त्याला ‘डोमेन ॲडमिन’ करून टाकतात. म्हणजे अंगण झाडायला ठेवलेल्या माणसाच्या हाती घराच्या, तिजोरीच्या, सगळ्या किल्ल्या. त्याऐवजी त्या ओयूवर राइट क्लिक, ‘डेलिगेट कंट्रोल’, त्या मुलाचा नव्हे तर ‘मदतनीस-लांजा’ अशा ग्रुपचे नाव, आणि यादीतली पासवर्ड बदलण्याची टिक. पुढे माणूस बदलला तर फक्त ग्रुप बदलतो. खाते लॉक झाले असेल तर ते उघडण्याचा हक्क त्या सोप्या यादीत नसतो. ‘कस्टम टास्क’मध्ये जाऊन ‘लॉकआउट टाइम’ वाचण्या-लिहिण्याचा हक्क वेगळा द्यावा लागतो. ही खिडकी हक्क देते, काढत नाही. काढण्यासाठी ओयूच्या ‘सिक्युरिटी’ पानावर जावे लागते. कधी एखाद्या खात्यावर दिलेला हक्क तासाभरात आपोआप नाहीसा होतो. ते खाते ‘डोमेन ॲडमिन्स’सारख्या संरक्षित ग्रुपमध्ये असते, आणि व्यवस्था दर ६० मिनिटांनी अशा खात्यांचे हक्क मूळपदावर आणते. दोष नव्हे, रचनाच तशी आहे.

जोडणीबद्दल. मूळ स्थितीत कोणताही साधा युजर १० संगणक डोमेनला जोडू शकतो. अकरावा जोडताना नकार आला की लोक नेटवर्कची वायर तपासतात. ही मर्यादा ० करावी आणि संगणकाची नोंद आधीच योग्य ओयूत करून ठेवावी. फॉरमॅट केलेले यंत्र जुन्याच नावाने दुसऱ्या तंत्रज्ञाने जोडू पाहिले तर ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणेनंतर सहसा अडवले जाते. नोंद मुळात ज्याने केली त्याच्या खात्याने जोडावे. होम आवृत्तीचा विंडोज डोमेनला जोडताच येत नाही, हे खरेदीच्या आधी पाहायचे असते. पण कोटेशनमध्ये ते ओळीच्या शेवटी लपलेले असते. संगणकाचे नाव १५ अक्षरांत बसायला हवे: गावाची तीन अक्षरे, प्रकार, क्रमांक. त्यात माणसाचे नाव नको. माणूस वैभववाडीला जातो, संगणक खुर्चीसमोरच राहतो. युजरचे जुन्या पद्धतीचे लॉगिन नाव २० अक्षरांत हवे. सावंत, परब, राणे प्रत्येक कार्यालयात चार-चार असतात, तेव्हा आद्याक्षर-आडनाव ही पद्धत पहिल्याच महिन्यात कोसळते. कर्मचारी क्रमांक धरावा. लग्नानंतर आडनाव बदलले तर खात्याचे दिसणारे नाव बदलावे, नवे खाते करू नये. प्रत्येक खात्याला आतून एक ‘एसआयडी’ असतो आणि हक्क त्याला चिकटलेले असतात. पुसून त्याच नावाने पुन्हा केलेले खाते डिरेक्टरीच्या लेखी परके असते.

प्रत्येक संगणकावर स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड एकच, हे आपल्याकडचे दुसरे दुखणे. एक यंत्र फुटले की सगळी फुटली. ‘विंडोज लॅप्स’ ही सोय एप्रिल २०२३ पासून विंडोजच्या आतच मिळते; ती प्रत्येक यंत्राचा वेगळा पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलून डिरेक्टरीत ठेवते. पॉलिसी अर्थातच ओयूला जोडायची.

आपल्या हवेमुळे होणारे त्रास वेगळे. पावसाळ्यात लाइट दिवसातून अनेकदा जाते. जुन्या यंत्रातली सीआर २०३२ बॅटरी संपलेली असली की प्रत्येक वेळी घड्याळ मागे जाते. लॉगिनची कर्बेरॉस पद्धत ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. त्यापुढे पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही आणि युजर बिचारा पासवर्ड विसरल्याचा बोल लावून घेतो. चाळीस-पन्नास रुपयांची बॅटरी बदला. दुसरीकडे, सुट्टीत किंवा पावसात तीन-चार महिने बंद ठेवलेल्या संगणकाचा ‘ट्रस्ट’, म्हणजे डोमेनशी असलेला विश्वासाचा दुवा, त्यामुळे तुटतो, हा गैरसमज आहे. संगणक आपला गुप्त पासवर्ड ३० दिवसांनी स्वतःहून बदलतो. बंद असेल तर चालू झाल्यावर बदलतो. ट्रस्ट तुटतो तो डिस्कची जुनी प्रत (इमेज) परत टाकल्यावर किंवा दोन यंत्रांना एकच नाव दिल्यावर. तेव्हाही डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्याची गरज नसते. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल’ला ‘रिपेअर’ जोडून काम होते. इंटरनेट हळू चालते म्हणून संगणकांना बाहेरचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) देणे मात्र हमखास घात करते. डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे संगणक डीएनएसलाच विचारतो आणि ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या डीएनएसला ते ठाऊक नसते.

डोमेन कंट्रोलर दोन हवेत, आणि एकाच इमारतीच्या तळमजल्यावर नकोत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी कुठवर आले होते हे वेगळे सांगायला नको. गावे निराळी असतील तर साइट वेगळ्या कराव्यात, पण त्यांच्यात बदल पोचण्याचा मूळ अवधी १८० मिनिटांचा असतो. सकाळी रत्नागिरीत ग्रुपमध्ये घातलेला माणूस खेडला दुपारपर्यंत अडून बसतो. तो अवधी १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येतो.

शेवटी बदल्या. सरकारी कार्यालयांत एप्रिल-मे आला की माणसे हलतात आणि खाती तिथेच राहतात. गेलेल्या माणसाचा पासवर्ड नव्याला सांगून काम चालवणे ही तर रूढीच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे कोणी कधी काय केले याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत. पण तीन माणसे एका नावाने बसत असतील तर त्या लॉगचा उपयोग काय? बदली अंतर्गत असेल तर खाते नव्या ओयूत, जुन्या ग्रुपांतून बाहेर, नव्यांत आत. जुने ग्रुप काढायचे राहतात आणि दहा वर्षांच्या नोकरीत माणूस सगळी दारे उघडत हिंडतो. निवृत्त झाला तर खाते डिसेबल, ‘निष्क्रिय’ ओयूत, डिस्क्रिप्शनमध्ये तारीख, ९० दिवसांनी पुसणे. ११ महिन्यांच्या कंत्राटी ऑपरेटरचे खाते करतानाच ‘अकाउंट एक्सपायर्स’मध्ये कराराची शेवटची तारीख घालावी. निष्क्रिय संगणक शोधताना ‘लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प’वर विसंबाल तर तो १४ दिवसांपर्यंत मागे असू शकतो हे धरा, आणि शाळांच्या बाबतीत मे महिन्याची सुट्टी विसरू नका.

चुकून पुसलेले परत आणणारी ‘रिसायकल बिन’ २००८ आर२ पासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. एकदा केली की बंद होत नाही, आणि चालू करण्याआधी पुसलेले तिच्यात नसते. ज्या संस्थांना परवान्यांचा खर्च झेपत नाही त्यांना डिसेंबर २०१२ पासून सांबा ४ या सॉफ्टवेअरचा मोफत पर्याय आहे. तो डोमेन कंट्रोलर म्हणून चालतो, विंडोजच्या त्याच खिडकीतून ओयू लावता येतात; फक्त दोन सर्व्हरमधले पॉलिसीचे फोल्डर सारखे ठेवण्याची व्यवस्था आपली आपण करावी लागते.

कार्यालयप्रमुखांना आणि संस्थाचालकांना आमची विनंती एवढीच, की पुढच्या कार्यादेशात यंत्रांची संख्या लिहिता तिथे चार ओळी वाढवा: प्रत्येक संगणकाचे नाव आणि ओयू यांची छापील यादी, पॉलिसींचा अहवाल, डोमेन ॲडमिनच्या खात्यांची नावे, आणि डिरेक्टरी दुरुस्तीचा पासवर्ड. हा शेवटचा, सर्व्हरला डोमेन कंट्रोलर बनवताना एकदाच विचारला जातो, रोजच्या ॲडमिन पासवर्डहून वेगळा असतो, आणि बॅकअपमधून डिरेक्टरी परत उभी करायच्या दिवशी तोच लागतो. तो बंद पाकिटात घालून, वर तारीख आणि सही घेऊन तिजोरीत ठेवावा. बिल त्यानंतर मंजूर करावे.

आपले,
संगणक जोडणी व देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग